रिकामा राहिलेला चौथा रकाना

गडहिंग्लजच्या बासूच्या फोटो स्टुडिओतली अकरा लग्नं अण्णांच्या हातून पुसली गेली, असं तिकडं अजून बोललं जातं. ती अण्णांच्या हातून गेली नाहीत. माझ्या हातून गेली. एवढं साधं वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली, आणि आता लिहितोय तर ते वाचायला अण्णा राहिलेले नाहीत...

दीड महिन्यापूर्वी सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं, तेवढ्यात अण्णांच्या मुलीचा, गौरीचा फोन आला. "काका, अण्णा गेले," एवढंच ती म्हणाली. मी शटर तसंच खाली ओढलं आणि कळंब्याला त्यांच्या घरी निघालो. अण्णा लिंगायत, त्यांच्यात दहन नसतं, माती देतात. कपाळाला विभूती लावून त्यांना बसवलं होतं. तीस वर्षं ज्या माणसाला मी कॉम्प्युटरच्या उघड्या कॅबिनेटवर वाकलेलाच पाहिला, तो त्या दिवशी ताठ बसला होता. माती द्यायला लोक पुढं सरकत होते. माझ्या शेजारी गडहिंग्लजहून आलेला बासू होता. तो हळूच माझ्या कानाशी म्हणाला, "म्हाताऱ्याचं चुकलं असंल एकदा. आम्ही सोडून दिलं, सुनीलराव. मनात काय ठेवलं न्हाई." माझ्या मुठीत माती होती. मी "व्हय" म्हणालो आणि मूठ सोडली. त्या एका शब्दानं मी अण्णांना दुसऱ्यांदा फसवलं.

अण्णांचं नाव शंकराप्पा. गाव गडहिंग्लजजवळचं, घरात कानडी, बाजारात मराठी. आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, आणि कोल्हापुरात कॉम्प्युटर दिसायला लागले तेव्हा राजारामपुरीतल्या एका गाळ्यात त्यांनी त्याचं दुकान काढलं. मी डिप्लोमा करून त्यांच्याकडं आलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि मला सगळं येतं असं मला वाटायचं. पहिल्या दिवशी त्यांनी मला एक मशीन चालू करायला लावलं आणि तोंडावर बोट ठेवलं. मशीनमधून एक बारीक 'टिक्' आवाज आला. "ऐकलंस? ते म्हणतंय, बरा हाय मी," ते म्हणाले. एक लांब आणि दोन आखूड आवाज आले तर पडद्याच्या कार्डात खोट, नुसतंच लांब लांब ओरडत राहिलं तर मेमरी बसलेली नाही. पुढं नव्या मशीनमध्ये हा आवाज देणारा छोटा स्पीकरच यायचा बंद झाला, तेव्हा अण्णा खणातून जुने स्पीकर काढून प्रत्येक नव्या मशीनला जोडायचे. गिऱ्हाईक हसायचं. अण्णा म्हणायचे, "पावणं, आजारी माणसाला बोलता तरी आलं पायजे की."

ज्यांना या धंद्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण पुढची माझी चूक त्याशिवाय कळायची नाही. कॉम्प्युटरचं बटण दाबल्यावर विंडोज दिसायच्या आधी बोर्डावरच्या एका चिपमधला लहानसा प्रोग्राम जागा होतो. त्याला बायोस म्हणतात. कीबोर्ड आहे का, मेमरी आहे का, डिस्क कुठली, तारीख काय, हे सगळं तो तपासतो आणि मग पुढच्याला हाक मारतो. पूर्वी यातलं बरंच काही त्याला आपणच सांगून ठेवावं लागायचं. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, माऊस नाही, काही नाही. डिस्कचे तीन-चार आकडे हातानं टाईप करायचे, आणि ते आकडे जपायला बोर्डावर एक सेल. सेल संपला की मशीनची तारीख १९८० वर जायची आणि त्याला स्वतःच्याच डिस्कची ओळख राहायची नाही. अण्णा म्हणायचे, "रोज उठून आपण कोण ते त्येला आठवायला लागतंय बघ, तम्मा. त्येची आठवण त्या सेलावर." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. त्यांनी मला तीस वर्षांत नावानं हाक मारली नाही.

या सेलानंच अण्णांना एक सवय लावली होती. मी यायच्या आधीची गोष्ट, त्यांनीच सांगितलेली. शहरातल्या एका छापखान्याचं मशीन डिस्क दाखवेना. अण्णांनी डिस्क गेली असं सांगून टाकलं. छापखानेवाल्यानं ती काढून भंगारात दिली. आठ दिवसांनी अण्णांच्या लक्षात आलं की डिस्क चांगली होती, नुसता सेल संपला होता आणि आकडे पुसले गेले होते. ते आकडे कुठंतरी लिहिलेले असते तर पाच मिनिटांचं काम होतं. अण्णा त्याच दुपारी छापखान्यात गेले आणि कामगारांच्या देखत त्यांनी मालकाला सांगितलं की चूक माझी, तुमची डिस्क धडधाकट होती. मालक वाट्टेल ते बोलला. अण्णा उभे राहून ऐकून आले. तेव्हापासून त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक मशीनच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागदी चिठ्ठी डकवलेली असायची. चार रकाने: आधी काय होतं, आता काय, का, कुणी. सेटिंगला बोट लागलं की चिठ्ठीत ओळ पडायची. मी एकदा कंटाळून विचारलं, चौथा रकाना कशाला, दुकानात आपण दोघंच तर आहोत. ते म्हणाले, "पैले तीन मशीनसाठी. चौथा आपल्यासाठी. नाव लिवलं की झोप लागतीय."

पुढं सगळंच बदलत गेलं. डिस्क स्वतःची ओळख स्वतःच सांगायला लागली, आकडे टाईप करायचे संपले. बोर्डाला डागलेले, फुटून हिरवं पाणी सोडणारे सेल जाऊन नाण्यासारखे चपटे सेल आले. दोन हजार साल लागताना मशीनची तारीख चुकणार अशी हाकाटी झाली, तेव्हा एकतीस डिसेंबरला निम्म्या शहराची मशीनं आमच्याकडं तारीख दाखवायला आली होती. मग बायोस नवा करून घ्यायची सोय निघाली. फ्लॉपी घालायची, आणि ते चालू असताना वीज गेली की बोर्ड मेला. एकदा माझ्या हातून असा बोर्ड मेला तेव्हा अण्णांनी तसलाच दुसरा बोर्ड चालू केला, आणि तो चालू असतानाच त्यांच्या बायकोच्या, अक्कांच्या शिवणाच्या डब्यातला दोरा चिपखालून ओवून ती चिप अलगद उचलली, तिथं माझी मेलेली चिप बसवली आणि तिच्यात पुन्हा प्रोग्राम भरला. आम्ही दोघं पडद्याकडं बघत होतो. चिप जिवंत झाली तेव्हा त्यांनी दोरा गुंडाळून खिशात ठेवला आणि म्हणाले, "अक्काला सांगू नगंस, तिचा चांगला दोरा हाय." त्या मशीनच्या चिठ्ठीत मात्र त्यांनी मला माझं नाव लिहायला लावलं. मी लिहिलं. तेव्हा मी लिहीत होतो...

नंतर निळा पडदा गेला. बायोसच्या जागी रंगीत चित्रांचा, माऊसवर चालणारा नवा प्रकार आला, तरी आम्ही त्याला बायोसच म्हणायचो. पंखा किती फिरतोय ते दिसायला लागलं. अण्णांना त्याचं कौतुक होतं, पण ते त्यातली प्रत्येक ओळ चष्मा सावरून वाचायचे. मला ते वाचणं सहन व्हायचं नाही. तोवर दुकान मीच चालवत होतो. अण्णांचा उजवा हात थोडा कापायला लागला होता, आणि गिऱ्हाइकांपुढं त्यांनी स्क्रू लावायला घेतला की मी तो त्यांच्या हातातून काढून घ्यायचो. मदत म्हणून करतोय असं स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे मला त्यांची लाज वाटायची.

चार वर्षांपूर्वी लग्नसराई संपल्यावर बासूचं मशीन आलं. ते आमच्याच दुकानातलं, मीच बसवून दिलेलं. तारीख सारखी मागं जाते एवढीच तक्रार होती. अण्णांनी सकाळी सेल बदलला, चिठ्ठीत ओळ लिहिली आणि जेवायला घरी जाताना मला म्हणाले, "बायोसला हात लावू नगंस. आत कुलूप हाय. आधी बासूला इचार, चावी कुठं लिवून ठेवलीया काय." आताच्या मशीनमध्ये बोर्डातच एक कुलूप असतं. डिस्कवरचं सगळं त्या कुलपानं बंद असतं आणि रोज चालू होताना मशीन आपोआप ते उघडतं, म्हणून आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. बायोस बदलला की मात्र ते कुलूप कोरं होऊ शकतं, आणि मग चावीचे आकडे हातानं द्यावे लागतात. मला हे सगळं माहीत होतं. पण बासूनं जाता जाता नवं कार्ड बसवायचंय असं म्हटलं होतं, आणि त्याला बायोस नवा लागणार होता. चार मिनिटांचं काम. मी पेनड्राइव्ह लावला, बायोस नवा केला. मशीन परत सुरू होताना काळ्या पडद्यावर चार ओळी आल्या. कुलपाची जागा बदलली आहे, जुनं पुसून नवं करू का, वाय दाबा नाहीतर एन दाबा. मी वाय दाबला. वाचायची सवय अण्णांची होती, दाबायची माझी.

अण्णा परत आले तेव्हा पडद्यावर मशीन चावीचे अठ्ठेचाळीस आकडे मागत उभं होतं. त्यांनी पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "वाचलंस काय?" त्यांनी विचारलं. मी पेनड्राइव्ह काढून खिशात घातला. चावी बासूकडं नव्हती. मशीन बसवताना ती एका ईमेल खात्यात गेली होती आणि ते खातं मी काउंटरवर घाईत काढलेलं होतं. नाव आणि पासवर्ड दोन्ही मी कधीच विसरलो होतो. आम्ही चार दिवस धडपडलो. बासूनं कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या कामासाठी केव्हाच रिकामी केली होती. अकरा लग्नं त्या डिस्कमध्ये होती आणि डिस्क आमच्यासमोर, धडधाकट, बंद. त्यातल्या एका मुलीचे वडील लग्नानंतर महिन्याभरात वारले होते. तिचा आणि त्यांचा एकत्र फोटो त्याच अकरांत होता.

पाचव्या दिवशी बासूचा फोन आला. तो ओरडत नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. त्यानं विचारलं, "मशीनला हात कुणी लावलता?" आणि मी म्हणालो, "अण्णांनी उघडलं होतं." खोटं नव्हतं. सकाळी सेल बदलायला त्यांनीच उघडलं होतं. मी दुसरा शब्द बोललो नाही आणि बासूनं दुसरा प्रश्न विचारला नाही. "हात कापतोय त्यांचा, म्हाईत हाय मला," एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला. अण्णा माझ्यापासून चार हातांवर बसले होते. मला वाटलं आता ते बोलतील. ते उठले, आपला चहाचा कप विसळून पालथा घातला आणि मशीनचं दार लावायला बसले. लोक समजून घेतील, वय झालंय त्यांचं, मला अजून वीस वर्षं धंदा करायचाय... असं मी मनात म्हटल्याचं मला आजही आठवतं. दुसऱ्या दिवशी मशीन परत द्यायला कोण जाणार हा प्रश्न आला तेव्हा मी कामं सांगायला लागलो. अण्णांनी कॅबिनेट चादरीत गुंडाळलं आणि एसटीनं स्वतः गडहिंग्लजला घेऊन गेले. बासू त्यांना काय बोलला ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्या महिन्यापासून त्यांचं दुकानात येणं कमी होत गेलं आणि मग थांबलं. हात कापतोय, म्हणाले.

त्यांना शेवटचं भेटलो ते जायच्या आठवडाभर आधी. खाटेवर उशीला टेकून बसले होते. नव्या बोर्डात सेल अजून येतो का, असं त्यांनी विचारलं. येतो म्हटल्यावर बरं वाटल्यासारखे हसले. आज सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. अक्कांनी चहा आणला, मी बोर्डाबद्दल बोलत राहिलो. उठायला लागलो तेव्हा ते म्हणाले, "तम्मा, बासूकडं एकदा जाऊन ये. त्येच्या मशीनचं दार उघडून बघ. धूळ बसली असंल." मी जातो म्हणालो. मला वाटलं, एवढ्या आजारपणातही म्हाताऱ्याला धूळच सुचते.

माती देऊन आल्यावर बासूचं ते वाक्य मला घास गिळू देईना. महिना झाल्यावर कळंब्याला गेलो आणि अक्कांसमोर बसून सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, निवडतच राहिल्या. मग त्यांनी मला जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. त्या घटनेनंतर अण्णा गडहिंग्लजला पुतणीच्या लग्नाला गेले होते. मांडवात कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "अण्णा, कॅमेऱ्यापास्नं जरा लांबच ऱ्हावा, न्हाईतर हेबी लग्न उडायचं." सगळे हसले. अण्णाही हसले. जेवले नाहीत, पुढच्या एसटीनं परत आले आणि त्यानंतर आपल्या गावाकडच्या एकाही लग्नाला गेले नाहीत. अक्कांनी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, मशीन हाय, चुकतंय कधी. माझं नाव त्यांनी बायकोजवळही काढलं नव्हतं. मी अक्कांच्या पायाशी वाकलो तर त्यांनी पाय मागं घेतले. "माझ्यापाशी काय रडतोस," त्या म्हणाल्या. "जिथं त्यांचं नाव घालवलंस, तिथं जाऊन सांग."

पुढच्या मंगळवारी दुकान बंद ठेवून मी एसटीत बसलो. कागल मागं पडलं तेव्हाच उतरून परत जावं असं वाटलं होतं. स्टुडिओत बासू एका कुटुंबाचे पासपोर्ट फोटो काढत होता. "या की, सुनीलराव," म्हणून त्यानं खुर्ची पुढं केली. ते लोक जाईपर्यंत थांबावं असं मनात आलं, आणि छापखान्यात कामगारांच्या देखत उभे राहिलेले अण्णा आठवले. मी खुर्चीवर बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं की ती अकरा लग्नं मी घालवली, अण्णांनी मला हात लावू नकोस म्हणून बजावलं होतं, आणि तुम्ही फोनवर विचारलं तेव्हा मी त्यांचं नाव पुढं केलं.

बासूनं कॅमेरा खाली ठेवला. ते कुटुंब जागचं हललं नाही.

"तवाच का सांगिटलं न्हाईसा?"

"भ्यालो."

"आन् मी..." तो थांबला. "मी त्या माणसाला मातीत माफ करून आलो वो. ज्येचं काय चुकलंच न्हाई, त्येला." तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मला त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते मशीन त्यानं विकलं नव्हतं. कधीतरी कुलूप उघडायचा उपाय निघेल म्हणून डिस्कसकट मागच्या खोलीत ठेवलं होतं, त्याच चादरीत. मी त्याला विचारून चादर सोडली आणि दाराचे दोन स्क्रू काढले. धूळ होतीच. आतल्या बाजूला अण्णांची चिठ्ठी होती. पहिली ओळ नीट अक्षरात: सेल मेलेला, नवा सेल, तारीख मागं जात होती, शंकराप्पा. तिच्याखाली दुसरी ओळ, कापऱ्या हातानं लिहिलेली: चावी कुलपात होती, कुलूप कोरं झालं, बायोस नवा केला. आणि चौथा रकाना रिकामा.

माझं नाव त्यांना तिथं लिहिता आलं असतं. बासू एकदा दार उघडता तर सगळं गाव वाचतं. स्वतःचं लिहिलं असतं तरी कुणी काही म्हणालं नसतं, तेच तर सगळे समजत होते. त्यांनी दोन्ही केलं नाही. जागा सोडली, मशीन चादरीत गुंडाळलं, एसटीनं इथवर आणलं, आणि चार वर्षं वाट पाहिली. आठवडाभराचं आयुष्य उरलं असतानाही मला एवढंच म्हणाले की दार उघडून बघ.

वर्तमानपत्राच्या ज्या पुरवणीत हे छापून येतंय, ती गडहिंग्लज भागातही जाते. त्या अकरा घरांतल्या लोकांना, आणि वडिलांबरोबरचा फोटो जिचा कायमचा गेला त्या ताईला, मी इथं सांगतो की तुमचं लग्न मी घालवलं. मांडवात अण्णांना जो कुणी बोलला असेल त्यानं ते बोलणं माझ्याकडं वळवावं.

त्या दिवशी मागच्या खोलीत बासूनं आपल्या खिशातलं पेन मला दिलं. रकाना लहान होता, म्हणून अक्षर बाहेर गेलं. मी लिहिलं: "सुनीलनं. अण्णांनी नाही. अण्णा, मी वाचलं नव्हतं, आणि सांगितलंही नाही. चुकलो. मला माफ करा."